हिनं हात लावला न्हाई

मामा, आज दुपारी दुकानात तुमचं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी ते कसंबसं गिळलं. तेव्हापासून डोकं तडकलंय. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तुमचा फोटोसुद्धा आता पिवळा पडलाय, आणि तुमचं बोलणं मात्र माझ्या तोंडातून बाहेर यायला बघतं. समोर तुमची नात बसली होती. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. आता स्टुडिओ तीच चालवते, मी आपली खुर्चीत बसून आल्यागेल्याशी बोलते. एक नवा कॅमेरा बाजारात येणार म्हणून ती महिनाभर वाट पाहतेय. आपल्या घरात देव नाहीत, नाहीतर तिने ते पाण्यात घालून ठेवले असते. मोबाईलवर त्याची माहिती वाचून दाखवत होती. "आई, हा डोळा शोधतो. माणूस तिरका उभा असला तरी जवळचा डोळा कुठला ते याला कळतं. उडत्या घारीचा डोळासुद्धा धरून ठेवतो. घ्यायचा का? तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे सांगायला मी तोंड उघडलं आणि आत तुमचं वाक्य तयार उभं होतं. मी उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. पोरगी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, पित्त झालंय.

पित्त नव्हतं. राग होता, आणि तो तुमच्यावर होता. इतकी वर्षं तो मी नीट वापरलाच नाही, घडी घालून ठेवलेल्या चांगल्या लुगड्यासारखा तो तसाच राहिला. आज तो काढायचाच असं ठरवून बसलेय.

मी या घरात आले तेव्हा कोल्हारला फोटो स्टुडिओ म्हणजे तुमचाच. तुमचा मुलगा साखर कारखान्यात पाळीवर जायचा, त्याला कॅमेऱ्याचा गंध नव्हता. लग्नाला दोन महिने झाले असतील. मी चुलीपाशी लाकडं सारत होते, आत्या भाकरी थापत होत्या. तुम्ही उंबऱ्यात येऊन बसलात आणि म्हणालात, "हात धू आन हिकडं ये." सासऱ्याच्या इतकं जवळ जायचं म्हणून मी पदर ओढला. तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात. "तुज्या सासूकडं बग. मधी गोल टिकली दिसती का? तिच्यात नाक कसं हाय?" मी पाहिलं. आत्यांचं नाक मधोमध तुटून अर्धं इकडे, अर्धं तिकडे सरकलेलं. मी घाबरत म्हटलं, "तुटलंय." आत्या तव्यावरून म्हणाल्या, "माजं नाक कवा तुटलं गं?" तुम्ही हसला नाहीत. "ती रिंग फिरव. हळू. केसभर. जुळलं का नाक?" जुळलं. आत्या एकदम अशा स्वच्छ दिसल्या की त्यांच्या भुवईवरचं पीठ मला मोजता आलं असतं. "नाक जुळलं की मानूस जुळलं," तुम्ही म्हणालात. "बाकी समदं कागदाचं काम."

सुनेला धंदा शिकवला म्हणून गावाने तुम्हाला नावं ठेवली, ते मला माहीत आहे. भावकीतल्या एकाने तर विचारलं होतं की सून लग्नात फिरणार का कॅमेरा घेऊन. तुम्ही त्याला म्हणालात, "माज्या बापाचा येक बी फोटो न्हाई. कसा दिसत हुता त्ये मला आता आठवत न्हाई. फोटो कोन काढतं त्याला किंमत न्हाई, त्यो साफ यावा लागतो." हे सगळं मला आठवतं. त्याचीच तर अडचण आहे. तुम्ही नुसते वाईट असता तर मी कधीच मोकळी झाले असते.

मग ते माहितीपत्रक आलं. नगरहून महिन्याला एकदा मोटारसायकलवर येणारा रोलवाला, ज्याच्याकडून आपण रोल, कागद आणि केमिकल घ्यायचो, त्याने ते आणलं. गुळगुळीत कागद, वर धावणाऱ्या घोड्याचा रंगीत फोटो, आणि आत सगळं इंग्रजी. ऑटोफोकस कॅमेऱ्याचं नवं मॉडेल येणार होतं. जुन्यात फोकस धरायला मधला एकच ठिपका होता, यात पाच. मी डिक्शनरी घेऊन चार दुपारी बसले आणि वहीत मराठीत उतरवून काढलं. माझं पहिलं बाळंतपण व्हायचं होतं, तरी मी त्या कॅमेऱ्याची जेवढी वाट पाहिली तेवढी कशाचीच पाहिली नसेल. रोलवाला म्हणायचा दिवाळीत येतोय. मग म्हणाला संक्रांतीला. मग पाडव्याला. तो दारात दिसला की मी आधी विचारायचे, "आला का?" आणि तुम्ही आतून म्हणायचात, "कोन यायचंय? पावना हाय का?"

त्यावरून आपण किती भांडलो. रोलवाला स्टुलावर चहा घेऊन बसायचा आणि दोन्हीकडून तेल ओतायचा. तुम्ही म्हणायचात, "नवरा-नवरी शेजारी हुबी ऱ्हायली की मधी काय आसतं? भित. तुजा कॅमेरा मधी बगनार आन भितीचा फोटो काढनार. नवरा-नवरी धुक्यात." मी वही उघडून सांगायचे की आता पाच ठिपके आहेत, कडेचेही आहेत, आणि शिवाय बटण अर्धं दाबून चेहऱ्यावर फोकस धरून ठेवता येतो, मग कॅमेरा हवा तिकडे वळवा. "अर्धं दाबायचं म्हंजी?" तुम्ही विचारलंत. "दाबायचं तर पुरं दाबावं. अर्धं काम मी जन्मात क्येलं न्हाई." रोलवाला खो खो हसला. मग तुम्ही आपल्या लोकांच्या लग्नाचं काढलंत. पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा. "पांढऱ्यावर पांढरं. आंधळ्यावानी फोकस हुडकत खर्र खर्र करत बसंल त्यो. तवर पंचशील व्हऊन लोक जेवायला बसत्यात." हे तुमचं बरोबर होतं, कबूल करते. पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं, पुढे मी स्वतः वापरल्यावर मला ते कळलं. एकदा मी सांगितलं की धावणारा माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल हेसुद्धा हा कॅमेरा आधीच ओळखतो. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. "आपल्या घरानं जोशी छप्पन साली बंद क्येला. आन तू त्याला कॅमेऱ्यात घालून परत आनतीस व्हय?" त्या दिवशी मीसुद्धा हसले. आत्या आतून म्हणाल्या, "घ्या की येकदाचा, निदान ही वही तरी मिटंल."

पण मामा, मला तो कॅमेरा हौसेसाठी नको होता. मला तो का हवा होता ते मी तुम्हाला सांगू शकत नव्हते.

आधी मला वाटलं लेन्स बिघडली. नगरच्या लॅबमधून रंगीत फोटो छापून आले की मी ते निवडून पाकिटात भरायचे. एका साखरपुड्याच्या फोटोत सगळे चेहरे जरा मऊ होते आणि मागच्या खुर्चीचा वेत मात्र कसा रेखून काढल्यासारखा. मग एका बारशात तेच. मग मी तुमच्याकडे बघायला लागले. चहा घेताना तुम्ही बशीची कड आधी बोटाने चाचपायचात. उंबरा ओलांडताना पाय जास्त उचलायचात. डार्करूमच्या अंधारात तुम्ही नेहमीसारखे सराईत होतात, तिथे डोळ्यांचं कामच नव्हतं, उजेडात मात्र चाचपडायचात. मी तुमच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "दादांना कोण सांगणार? तू सांग, तू शिष्य आहेस." सून सासऱ्याला तोंडावर सांगणार, की तुम्हाला दिसत नाही? फोटोवाल्याला? माझी जीभ उचलली नाही. म्हणून मी दुसरा मार्ग धरला.

हात हलतो म्हणून तुम्ही आता सगळे फोटो स्टँडवर काढत होतात. तुम्ही भिंगाला डोळा लावायचात, रिंग फिरवायचात, "हं" म्हणायचात, आणि मग माणसं नीट उभी करायला पुढे जायचात. कॅमेऱ्याला कुणी धक्का देऊ नये म्हणून मी तिथे उभी. तेवढ्यात मी भिंगातून बघून घ्यायचे. नाक तुटलेलं असायचं. मी रिंग केसभर फिरवून ते जुळवायचे आणि बाजूला व्हायचे. तुम्ही परत येऊन बटणाची वायर दाबायचात. दोन वर्षं, मामा. दोन वर्षं या पंचक्रोशीतली लग्नं माझ्या बोटांनी साफ आली आणि लोक तुमच्या हाताला मानत राहिले. मला त्याचं काही नव्हतं. मला भीती एवढीच होती की एखाद्या दिवशी मी नसेन. बाळंतपणाला माहेरी जाईन, तेव्हा काय? म्हणून तो कॅमेरा. तो आला असता तर तुमचं नाव राहिलं असतं आणि मला काही बोलावं लागलं नसतं.

एप्रिल संपत आला होता. रोलवाला आला तो गाडी उभी करायच्या आधीच ओरडला, "ताई, आला." नगरच्या एका दुकानात तो मांडून ठेवला होता, हातात घेऊन बघता येत होता. मी म्हटलं, "मामा, आपण नुसता बघून तरी येऊ. तुम्ही स्वतः डोळा लावून बघा." डोळा हा शब्द मी मुद्दाम वापरला नव्हता, तोंडातून गेला. तुम्ही कात्रीने पासपोर्ट फोटो कापत होतात. कात्री थांबली. आणि रोलवाल्यासमोर, फोटो घ्यायला आलेल्या दोन मास्तरांसमोर तुम्ही म्हणालात, "ज्याला नजर न्हाई त्याला आसली यंत्रं लागत्यात. हिला नजर न्हाई. इतकी वर्सं शिकवून बी आली न्हाई."

हेच ते वाक्य. आज माझ्या पोरीला मी हेच ऐकवणार होते.

मला नजर नाही. मला. मी तिथे उभी होते, पोटात पाचवा महिना. तुमचे डोळे मी माझ्या बोटांवर घेऊन फिरत होते आणि तुम्ही लोकांत सांगत होतात की हिला नजर नाही. मास्तर खाली बघत होते. रोलवाल्याने चहाचा कप उगाच फिरवला. मी आत गेले, वही चुलीत घातली. आत्या म्हणाल्या, "त्यांचं मनावर घिऊ नगंस, त्ये आताशा लई चिडत्यात." का चिडतात ते मला विचारा, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी ते लग्न. आपल्याच लोकांतलं, नदीपलीकडच्या गावात, शाळेच्या पटांगणात. मुलीचा बाप कारखान्यात तुमच्या मुलाबरोबरचा. विधी झाला, टाळ्या झाल्या, आणि मग तुम्ही सगळ्या घराला शाळेच्या भिंतीपुढे उभं केलंत. मुलीचा आजा, आईचा बाप, राजूरच्या वरच्या डोंगरातून दोन एस. टी. बदलून आला होता. काटक, बुटका माणूस, टोपी कपाळावर ओढलेली. त्याने तुम्हाला विचारलं, "दम धरायचा का सोडायचा?" तुम्ही म्हणालात, "सोडा की. कंदी काढला न्हाई का?" तो म्हणाला, "न्हाई. ह्यो पयलाच." तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, ते मी पाहिलं. तुम्ही कॅमेऱ्याकडे आलात, भिंगाला डोळा लावलात, नेहमीपेक्षा जास्त वेळ रिंग फिरवलीत, "हं" म्हणालात आणि परत पुढे गेलात. आज्याची टोपी सारखी केलीत. नवरीचा हार सरळ केलात. पोरांना खाली बसवलंत. दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. मग येऊन वायर दाबलीत.

आठ दिवसांनी मुलीचा बाप फोटो घ्यायला दुकानात आला. रोलवालाही त्याच दिवशी आलेला होता. बापाने पाकीट उघडलं, मोठा फोटो काढला, दारापाशी उजेडात नेला. मग म्हणाला, "भित झकास आलीया." सगळ्या घराचे चेहरे दुधात बुडवल्यासारखे होते आणि मागे भिंतीवरचा सुविचार अक्षर न् अक्षर वाचता येत होता. म्हातारा कुठला ते टोपीवरून ओळखायचं. "आज्याचं तोंडच न्हाई वो ह्यात," तो म्हणाला. "म्हातारा गेला माघारी डोंगरात. परत कवा यायचा त्यो?" तुम्ही फोटो हातात घेतलात. नाकाजवळ नेलात. लांब धरलात. बोट त्याच्यावरून फिरवलंत. आणि कुणाकडेही न बघता म्हणालात, "त्या दिवशी हिनं हात लावला न्हाई."

मुलीचा बाप माझ्याकडे वळला. "मंग सुनंच्या जिवावर कशाला घेता आसली कामं?" माझं भर दुकानात नाक कापलं गेलं आणि तुम्ही खाली बघत बसलात.

आमच्याकडे कामाला हात लावला नाही म्हणजे अंग चोरलं, आळस केला. सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. मीसुद्धा पुढे सगळ्यांना तोच सांगितला. माहेरी सांगितला, तुमच्या मुलाला सांगितला, बाळंतपणाहून आल्यावर दुकानाची पायरी चढणार नाही म्हणाले तेव्हा आत्यांना सांगितला. स्टँड मी उचलायचा, पिशव्या मी वाहायच्या, भरल्या पोटी उन्हात मी उभं राहायचं, आणि वर हे. ऐकणारे च् च् करायचे. तुम्ही लग्नं घेणं बंद केलंत. पासपोर्टच्या खुर्चीचे पाय खडूने आखून ठेवलेत, कॅमेऱ्याची जागा आखलीत, म्हणजे रिंगला हातच लावायला नको. आपण एका घरात सहा-सात वर्षं राहिलो आणि जेवण वाढलंय, औषध घेतलं का, एवढंच बोललो. तो कॅमेरा तुमच्या हयातीत आपल्या दुकानात आलाच नाही, तुम्ही गेल्यावर मी परत पायरी चढले तेव्हा आला.

तुमच्या जलदान विधीला रोलवाला आला होता. तो मंडपात माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला की त्यानेच तुम्हाला मागे बसवून नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं तिथे सांगितलं होतं. तुम्ही घरी सांगितलंत की कागद आणायला गेलो होतो. कधी, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, ते घोड्याचं पत्रक मी आणलं त्याच्याही आधी."

मग मी हिशोब मांडत बसले, मामा, आणि माझा संताप मावेना. म्हणजे पाच ठिपक्यांवरून भांडत होतात, जोशाचा विनोद करत होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पूर्वी तुम्ही माणसं दोन मिनिटांत उभी करायचात. त्या दोन वर्षांत पाच-पाच मिनिटं लावायचात, कुणाची टोपी, कुणाचा हार. मला वाटायचं म्हातारपण. तुम्ही मला वेळ देत होतात. माझं बोट रिंगवर जातं हे तुम्हाला ठाऊक होतं, त्यावरच तुमचं सगळं चाललं होतं. मग मला का नाही सांगितलंत? एकदा, उंबऱ्यात बसून, "पोरी, मला दिसंना, तू बग," एवढं म्हणायला काय जात होतं? मी तुमचे डोळे झाले असते, उघड, मान वर करून. उलट मला नजर नाही म्हणालात, चार लोकांत, ती तुमच्याकडे उरली नव्हती म्हणून. कॅमेरा नको होता, कारण तो आला असता तर मी उगीच कॅमेऱ्याजवळ उभी राहिले नसते आणि तुम्ही उगीच टोप्या सारख्या केल्या नसत्या, आणि मग तुमचं काय उरलं असतं? यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पोरीला मी उद्या सांगणार आहे, घे तो कॅमेरा, डोळे शोधू दे त्याला. त्या राजूरच्या म्हाताऱ्याचा पुन्हा कुणी फोटो काढला का, हे मी कधी विचारलं नाही. नदीपलीकडच्या त्या गावावरून एस. टी. जाते तेव्हा मी दुसरीकडे बघते.

एवढं लिहिलं, पण हे पत्र पोरीच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडणार आहे, कारण तिलाही मी तोच अर्थ सांगितलाय. त्या दिवशी दुकानात तुम्ही बोललात तेव्हा तुमच्या वाक्याचा दुसरा अर्थ मला पुढे कधीतरी कळला, असं नाही. तो तिथेच कळला, मुलीचा बाप माझ्याकडे वळायच्या आधी. तुम्ही आळसाबद्दल बोलत नव्हतात. मी शाळेच्या पटांगणात भिंगातून पाहिलं होतं, म्हाताऱ्याचं नाक तुटलेलं होतं. तुम्ही दोनदा मागे वळून पाहिलंत आणि दोन्ही वेळा माझे हात पदराखाली होते. मे महिना होता, मामा. थंडी नव्हती.